दादासारखं

"आई, शुक्रवारी मी दवाखान्यात जाणार आहे. मूल ठेवायचं नाही असं ठरवलंय."

सून हे म्हणाली तेव्हा मी शिवणयंत्रावर होते. पडद्याची कड संपली तरी माझा पाय चालूच होता आणि सुई आपली रिकामीच खालीवर. शेजारी जमिनीवर माझा मोठा मुलगा पडद्याच्या पट्टीत हूक अडकवत बसला होता. त्याच्यासमोरच बोलली ती. आमच्या घराची रीतच आहे तशी, दादासमोर सगळं बोलायचं आणि त्याला काय कळतंय म्हणून पुढे जायचं. मीही तेच करत आलेय, त्यामुळे तिला नावं ठेवायला मला तोंड नाही.

दादा म्हणजे माझा मोठा. चाळिशीला टेकलाय. जन्मतःच डाऊन सिंड्रोम आहे त्याला. बुटका, गोल चेहऱ्याचा, आणि नाकावर राग माझ्यासारखाच. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्याला दादाच म्हणतात आणि तोही तो मान घेतो, कुणी 'बाळ' म्हटलं तर तोंड फिरवून बसतो. पडदे मी शिवते, हूक तो लावतो, आणि गिऱ्हाईक आलं की पडदा उलगडून 'चांगला झालाय' हे तोच सांगतो. माझी सून डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासायच्या कामाला आहे आणि स्वतःलाही जाड भिंगांचा चष्मा. तेव्हा दादाने तिचं नाव ठेवलं चष्मा. तिला ते नाव नवऱ्याने दिलेल्या लाडाच्या नावापेक्षा जास्त आवडतं. नवरा, म्हणजे माझा धाकटा, जहाजावर इंजिनाच्या कामाला असतो. घरात कमी आणि फोनवर जास्त. फोनवरही अर्धं बोलणं 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच जातं.

तपासणीत निघालं होतं की सुनेच्या पोटातल्या बाळाला दादाला आहे तेच आहे. डॉक्टर म्हणाले, घराण्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. वा रे योगायोग, त्याला दुसरं घर सापडलं नाही. कायद्याने दिलेली मुदत संपत आली होती. काय ते त्याच आठवड्यात ठरवायचं होतं, आणि माझ्या सुनेने ठरवूनही टाकलं होतं.

"दादासारखं आहे म्हणून नको, असंच ना?" मी विचारलं.

 तिने पर्स उचलली आणि ती कामावर गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यानंतर आमच्या घरात भांडी बोलत होती, आम्ही नाही. ती कप जरा आपटून ठेवायची, मी झाकण आपटायचे. दादा दोघींकडे आळीपाळीने बघायचा आणि आपल्या हुकांकडे वळायचा. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. हिच्या पोटातलं नको, कारण ते माझ्या दादासारखं आहे. म्हणजे माझा दादा नको. उद्या मी डोळे मिटले की ही बाई त्याला बघणार, आणि ती तर आत्ताच सांगतेय की असलं माणूस जन्मालाच यायला नको.

मला हे नवीन नव्हतं. दादा झाला तेव्हा डॉक्टरांनी मला खुशाल सांगितलं होतं की याला संस्थेत ठेवा, घरी जा आणि दुसऱ्याचा विचार करा. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर शिकलेले आहेत, ऐकावं. मी दादाला टॉवेलात गुंडाळला आणि घरी आणला. नवरा बिचारा माझ्या बाजूने होता, पण तो लवकर गेला. रस्त्याने चालताना बायका आपली मुलं पलीकडे ओढून घ्यायच्या. मी मुद्दाम त्यांच्या अंगावरून जायचे. भांडकुदळ म्हणून माझी ख्याती झाली, होऊ दे. भांडले नसते तर याला शाळेत पाय ठेवू दिला नसता कुणी.

धाकट्याने लग्नाचं काढलं तेव्हा मी आधीच मनाशी पक्कं केलं होतं. मुलगी कशीही असो, तिने एक गोष्ट कबूल करायची. ही घरी आली, चहा झाला, दादाही समोरच्या खुर्चीत ऐटीत बसला होता, आणि मी सरळ विचारलं की मी गेल्यावर याला घराबाहेर काढणार नाहीस ना? हिने हो म्हणायला जरासुद्धा वेळ लावला नाही. तेव्हाच ती मला आवडली. आणि तीच आता असं वागत होती, म्हणून जास्त लागलं.

लोकांना वास लागायला वेळ लागत नाही. आधी माझी धाकटी बहीण आली. तिला आमच्या घरात सगळे मावशी म्हणतात. तिचं एक मंडळ आहे, पोटातल्या जिवांना वाचवा म्हणून पत्रकं वाटतात. तिने सुनेला समोर बसवून पाढाच वाचला. जीव तो जीव, तो घ्यायचा आपल्याला अधिकार नाही, आणि अशी मुलं म्हणजे निष्पाप फुलं. त्या फुलाने तेवढ्यात मावशीची पर्स उघडून बघितली, तर तिने ती चटकन ओढून घेतली. सून मान खाली घालून ऐकत होती. मावशी माझ्याच बाजूने बोलत होती, तरी माझं डोकं फिरलं. मी तिला विचारलं, या फुलाला तू शेवटचं कधी घरी नेलंस गं, एक दिवस तरी? ती म्हणाली, विषय तो नाहीये. मी म्हटलं, विषय तोच आहे. ती चहा अर्धा टाकून गेली.

दुसऱ्याच दिवशी पडदे न्यायला एक बाई आल्या. त्यांना कुठून कळलं देव जाणे. दादाच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, बरं झालं बाई आता तपासण्या निघाल्या, पूर्वीसारखं कुणाच्या गळ्यात आयुष्यभराचं लोढणं नको. दादा तेव्हा त्यांचाच पडदा उलगडून दाखवत होता. मी तो त्याच्या हातातून घेतला, घडी घातली आणि सांगितलं की अजून तयार नाही, पुन्हा येऊ नका, पाठवून देईन. म्हणजे एक म्हणते जन्माला घाला आणि दार लावून घेते, दुसरी म्हणते जन्मालाच घालू नका. दोघींनाही दादाशेजारी बसायचं नव्हतं. माझं कुणाशीच पटेना.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण माझा खरा घोर तोच होता. दादा गेले काही महिने चुकत होता. पट्टीतलं एक घर सोडून एक हूक, हे त्याच्या हातात इतकं बसलेलं काम, पण हल्ली एकाच घरात दोन घालायचा, पुढे चार घरं रिकामी. एकदा कोपऱ्यावरून पाव आणायला गेला तो परत यायला विसरला. मला तो बेकरीच्या दारात उभा सापडला, हातात पाव, आणि मला म्हणाला, आपलं घर कुठंय? मी कुणाला बोलले नाही. तो आंघोळीला गेला की मी त्याचे हूक काढायचे आणि पुन्हा नीट लावून ठेवायचे. सुनेला कळू द्यायचं नव्हतं. कळलं तर ती म्हणेल, याचं आता वाढतच जाणार, मी हो म्हटलं होतं ते याला नाही. भीती ही होती मला, आणि ती रागाच्या आड बसली होती.

गुरुवारी माझा बांध फुटला. ती सकाळी कपडे मशिनमध्ये टाकत होती आणि मी दारात उभी राहिले. म्हटलं, उद्या जाशील, पण त्याआधी माझ्याकडे बघून सांग. माझा दादा जन्माला आला हे चुकलं का?

तिने मशिनमधून चादर बाहेर ओढली आणि माझ्या हातात दिली.

"ही दादांची आहे," ती म्हणाली. "अंथरूण ओलं होतं त्यांचं, बऱ्याचदा. तुम्ही दुधाला जाता तेव्हा मी बदलते. आईला सांगू नको, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय."

मी चादर धरून उभी. दादाने हे माझ्यापासून लपवलं, माझ्यापासून, आणि तिला सांगितलं.

"आणि हूक तुम्ही परत लावता, तेही मला माहीत आहे," ती म्हणाली. "दादा पाव आणायला गेले त्या दिवसाचंही बेकरीवाल्याने सांगितलं. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून आले. अशा माणसांची आठवण लवकर जायला लागते म्हणे. चाळिशीतच."

मी म्हटलं, मग तुझा शब्द परत घे. मला तो धाक दाखवू नकोस, सरळ सांग की झेपणार नाही.

"मी तुम्हाला शब्द दिलाच नव्हता," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "दादा समोर बसले होते. मी त्यांना हो म्हटलं होतं. आई, तुम्हाला वाटतं मला दादांसारखं मूल नको. मला त्याची भीतीच नाही. या घरात आले तेव्हा होती, ती दादांनीच घालवली. पण दादा आता परत लहान होत चाललेत, आणि हे पोटातलं कधी पुरतं मोठं होणार नाही. तुमचे गुडघे गेलेत. तुमचा मुलगा समुद्रात. दोघांना एकदम उचलायला माझ्याकडे हात नाहीत. रोज झोपताना मोजते मी, हात पुरतच नाहीत. मग दोघांतलं कोण, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मी करते."

  ती दाराला टेकून रडायला लागली आणि मी ती ओली चादर तशीच छातीशी धरून राहिले. जवळ घ्यायला हवं होतं तिला. ते मला जमेपर्यंत ती तोंड धुऊन कामाला निघाली होती.

दुपारी दादाला टीव्हीसमोर बसवलं, शेजारणीला अधूनमधून डोकावायला सांगितलं आणि बस पकडून शहराबाहेरच्या त्या संस्थेत गेले. हीच ती, जिचं नाव मला बाळंतपणाच्या खाटेवर सांगितलं होतं. माझा विचार साधा होता. दादाची सोय मीच करते. मग तिच्या हातावर एकाचंच ओझं राहील, आणि मग मूल ठेवायचं की नाही ते ती मोकळ्या मनाने ठरवेल. दादाला तिथे ठेवायचं या कल्पनेने दोनदा मधेच उतरून परतावंसं वाटलं, तरी गेले.

तिथली व्यवस्थापिका बाई वाईट नव्हती. दमलेली होती. टेबलावर एका हाताने जेवत होती आणि दुसऱ्या हाताने एका मुलीच्या वेणीचा गुंता सोडवत होती. तिने विचारलं, मुलाची आई आहे का? मी म्हटलं, समोर बसलीये. ती म्हणाली मग कठीण आहे, खाटा मोजक्या, ज्यांचं कुणीच उरलं नाही त्यांना आधी घेतो. आई जिवंत असेपर्यंत त्यांचा नंबर लागेल असं वाटत नाही.

मी म्हटलं, म्हणजे मी मेल्यावर त्याला घेऊन येऊ?

ती हसली नाही. म्हणाली, बरेच जण हेच विचारतात. मी वर लिहून लिहून थकले, आणखी एक इमारत द्या म्हणून. लोक वाढदिवसाला केक घेऊन येतात, फोटो काढतात आणि जातात.

खरं सांगते, नंबर नाही म्हटल्यावर मला आधी हायसं वाटलं. दादा घरीच राहणार. मग बसस्टॉपवर उभी असताना त्या हायसं वाटण्याची लाज वाटली, कारण त्याची किंमत कोण देणार ते मला ठाऊक होतं. इतक्या मोठ्या गावात एक माणूस धरायला माझ्या सुनेचे दोन हात. बाकी सगळे काखा वर करून उभे, आणि मत द्यायला मात्र पुढे.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. तोही म्हणाला, तुम्ही दोघी ठरवाल ते. मी त्याला जहाजासकट शिव्या घातल्या. त्याने ऐकून घेतल्या, आणि मग फोनवर नुसता समुद्राचा आवाज येत राहिला. तोही रडत असावा.

मग मी सुनेच्या खोलीत गेले. तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही हे मी तिला सांगितलं. म्हटलं, दोघांतलं कोण हे मला विचारू नकोस, मी आई आहे, माझ्या तोंडून ते निघणार नाही. पण तू जे करशील त्याला मी नावं ठेवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला ठेवू देणार नाही. उद्या मी येते तुझ्याबरोबर. ती म्हणाली, मी एकटी जाईन, दादांना कोण बघेल? मी म्हटलं, माझ्या घरातून तू एकटी जाणार नाहीस.

मग दादासाठी माणूस शोधायला बसले. नुसता एक दिवस. मावशीला फोन केला तर नेमकी मंडळाची बैठक. नंतर कधीही सांग म्हणाली. शेजारीण म्हणाली, डोकावणं ठीक आहे हो, पण दिवसभर म्हणजे, आमच्या नातवंडांना त्याची सवय नाही. लांबच्या भाच्याने फोन उचललाच नाही. त्याला दिवसभर एकट्याला ठेवायचे दिवस आता संपले होते. शेवटी शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं निघालो, मी, ती आणि मधे दादा, आपला ठेवणीतला शर्ट घालून. त्याला वाटलं आपण बाहेर चाललोय.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावलेल्या, आणि भिंतीवर हसऱ्या बाळांची चित्रं. पोटुश्या बायका बसलेल्या. दादाला बघून एकीने पोटावर हात ठेवला आणि नजर वळवली. तिला वाटलं असेल, कुणाच्या लक्षात नाही आलं. माझ्या आलं, सुनेच्याही आलं. काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली, यांना खाली बाकावर बसवता का? मी म्हटलं, हे इथेच बसतील. 

दादाला दवाखाने लहानपणापासून आवडत नाहीत. त्या वासानेच त्याचे तळवे घामेजतात. मी त्याचा हात धरून बसले होते. दुसऱ्या बाजूला ती, मांडीवर कागद. ती कागदाचा कोपरा दुमडायची आणि पुन्हा सरळ करायची.  आत कुणाला तरी बोलावलं की आम्ही दोघी एकदम दचकायचो. मनात सारखं येत होतं, आत्ता म्हण की चल घरी. आत्ता म्हण. आणि घरी नेऊन पुढे काय, ते मला म्हणता येत नव्हतं. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, दादाला टॉवेलात गुंडाळून निघाले तेव्हाही नाही. तेव्हा माझ्या अंगात बळ होतं.

परिचारिकेने दार उघडून सुनेला बोलावलं. ती उठली.

"आई," दादा म्हणाला, अगदी नेहमीच्या मोठ्या आवाजात. "चष्म्याचं बाळ माझ्यासारखंय?"

 त्या दिवशी यंत्राशेजारी बसून, आणि नंतर आम्ही भांडी आपटत होतो तेव्हाही, त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याशी खोटं बोलले असते, पण सून दारात थांबून माझ्याकडे बघत होती.

"हो रे," मी म्हटलं. "तुझ्यासारखंच."

 तो तिच्याकडे वळून म्हणाला, "मग त्याला आत भीती वाटेल. त्याचा हात धर."

परिचारिका दाराची मूठ धरून खाली बघायला लागली. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती दारातून परत आली, दादासमोर उकिडवी बसली आणि त्याचा घामेजलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. चष्म्याची भिंगं धुरकट झाली होती, ती तिने पुसली नाहीत.

"धरते, दादा," ती म्हणाली. "सोडणार नाही."

आणि ती आत गेली. दार लागलं.  दादाचं समाधान झालं होतं, तो भिंतीवरची चित्रं बघायला लागला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, आपण घरी कधी जायचं. मी म्हटलं, ती बाहेर आली की जाऊ. तिला चालवणार नाही कदाचित. तू एका बाजूने धर, मी दुसऱ्या बाजूने धरते.